इंजेक्शन आईला, उत्तरं माझी



मागच्या महिन्यात बाबांच्या अकरा पासवर्डांची कहाणी लिहिली, तेव्हा 'आमच्या घरीही अगदी हेच' असं बऱ्याच जणांनी कळवलं. या वेळचा विषय संगणकाचा नाही. आईच्या डाव्या खुब्याचा आहे. मी बी.ई. आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे हा लेख वाचून कुणी औषध ठरवू नका. पण आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत कुणाचा तरी खांदा, गुडघा नाहीतर खुबा दुखत असतो आणि कधीतरी डॉक्टर म्हणतात, 'एक इंजेक्शन देऊ या.' त्या क्षणी आमच्या घरी जे घडलं, ते सांगण्यासारखं आहे असं वाटलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई खाली सतरंजीवर बसली आणि उठताना तिनं माझ्या बायकोचा हात धरला. आई कुणाचा हात धरत नाही. रात्री विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, कंबर धरलीय. उगं काळजी करायलास." (आमचे पणजोबा नांदेडकडून हैदराबादेत आले. चार पिढ्या काचीगुड्यात गेल्या, तरी घरातलं 'करायलास' आणि 'दुखायलंय' काही सुटलं नाही.) बायकोनं खरं काय ते शोधून काढलं. दिवाळीपासून आईला डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. कूस बदलली की जाग यायची. जिना चढताना, रिक्षातून उतरताना कळ यायची. तीन महिने तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

सगळ्यांनी आपापली निदानं केली. बाबा म्हणाले सायटिका. शेजारच्या अम्मांनी सांगितलं वात. मी रात्री दीड तास इंटरनेटवर घालवून 'सांध्याची झीज' असा निकाल दिला. हाडांच्या डॉक्टरांनी मात्र आईला उजव्या कुशीवर झोपवलं आणि डाव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे मांडीच्या हाडाचा टेंगळासारखा भाग हाताला लागतो, तिथे एका बोटानं दाबलं. आई अक्षरशः उडाली. एक्स-रेमध्ये सांधा ठीक निघाला. डॉक्टर म्हणाले, "बर्सायटिस."

हा बर्सा म्हणजे काय, ते मलाही तेव्हाच कळलं. आपल्या शरीरात सुमारे दीडशे छोट्या पिशव्या असतात, आत थोडासा बुळबुळीत द्रव. हाडावरून स्नायू, स्नायूचा दोर म्हणजे कंडरा, किंवा कातडी सरकते, तिथे घर्षण होऊ नये म्हणून ही व्यवस्था असते. खांद्यात, कोपरावर, गुडघ्याच्या वाटीवर, खुब्याला, टाचेमागे. एकाच जागेवर रोज दाब पडला, तीच हालचाल हजार वेळा झाली, मार लागला, किंवा संधिवात अथवा गाउट असेल, तर ही पिशवी सुजते. गुडघ्यांवर बसून फरशी पुसणाऱ्यांना वाटीवर, तासन्‌तास कोपर टेकून बसणाऱ्यांना कोपरावर. आईच्या बाबतीत दोन सवयी सापडल्या. ओट्याशी उभं राहताना सगळा भार डाव्या पायावर टाकायचा, आणि खाली बसताना पाय एका बाजूला दुमडून बसायचं. चाळीस वर्षं. शिवाय खुब्याच्या या दुखण्यात बऱ्याचदा पिशवीपेक्षा तिच्याजवळच्या कंडरा जास्त बिघडलेल्या असतात, आणि चाळिशीनंतरच्या बायकांत हे दुखणं जास्त दिसतं, असंही डॉक्टर म्हणाले.

उपाय त्यांनी क्रमानं सांगितले. सवयी बदला, फिजिओथेरपी सुरू करा, आणि दुखणं फार असेल तर एक इंजेक्शन.

इथे मी मध्ये पडलो. माघात नांदेडला ताईच्या मुलाची मुंज होती. आई मुलाची आजी. मातृभोजन, आहेर, दोन दिवस उभं राहणं आणि अजंता एक्सप्रेसचा प्रवास. हातात अडीच आठवडे होते. आमच्या कामात तारीख ठरली की ती गाठायची असते, मग जो मार्ग जवळचा तो. मी म्हटलं, "डॉक्टर, इंजेक्शनच द्या."

डॉक्टरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. शुगर आहे का? आहे, पण कंट्रोलमध्ये, मी सांगितलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या? नाहीत. ताप, कुठे जखम, इन्फेक्शन? नाही. याआधी कधी असं इंजेक्शन? नाही. सगळी उत्तरं मीच दिली. आई शेजारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. निघताना तिनं एवढंच विचारलं, "स्टेरॉइड आहे का हो?" आणि डॉक्टरांच्या आधी मीच म्हणालो, "आई, काही होत नसतं. आजकाल सगळे घेतात."

घरी आल्यावर ती म्हणाली, "मला नको वाटायलंय." मी चिडलो. म्हटलं, आई, तू शिकलेली आहेस, अडाण्यासारखं काय घाबरतेस! ती गप्प झाली. मुंजीसाठी तयार झाली, माझ्यासाठी नाही.

इंजेक्शनला दहा मिनिटंही लागली नाहीत. अल्ट्रासाउंडवर बघत डॉक्टरांनी नेमक्या जागी सुई घातली. औषध ताकासारखं पांढुरकं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना भूल देतात तेच. दुसरं मेथिलप्रेडनिसोलोन, ४० मिलिग्रॅम. भूल मिनिटांत लागते आणि काही तासांत उतरते. तेवढ्यात दुखणं थांबलं, तर जागा बरोबर होती हेही डॉक्टरांना कळतं. दुसरं औषध म्हणजे खरं सूज उतरवणारं. त्याचे बारीक कण हळूहळू विरघळतात, म्हणून गुण यायला दोन-तीन दिवस, कधी आठवडाही लागतो. डॉक्टर आईला म्हणाले, "अम्मा, घबराना नक्को. आज रात दर्द थोडा बढ़ सकता." (दखनीतला हा 'नक्को' आपल्याच मराठीचा. परक्या दवाखान्यात तो कानावर पडला की जरा धीर येतो.)

गाडीपर्यंत आई सरळ चालत आली. "दुखणं गेलं की रे!" मला विजयी वीरासारखं वाटलं. सोबत दिलेला सूचनांचा कागद मी लॅपटॉपच्या बॅगेत टाकला आणि मीटिंगला बसलो.

रात्री भूल उतरली आणि आईचा खुबा आधीपेक्षा जास्त ठणकू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पाण्यावर पाणी प्यायला लागली, दर तासाला उठायला लागली. बाबांनी मशीन काढलं. शुगर ३१२.

माझे हातपाय गार पडले. बॅगेतला कागद काढला. तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की मधुमेह असल्यास पुढचे पाच-सात दिवस रोज दोनदा शुगर तपासा, वाढल्यास कळवा. मग बाबांनी कपाटातून आईची फाइल आणली. दोन महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ८.९ होती. ज्याला मी डॉक्टरांपुढे 'कंट्रोलमध्ये' म्हणालो होतो, ते हे. मी फाइल उघडली नव्हती. आईला विचारलंही नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावला. ते शांत होते. ठणका बहुतेक एक-दोन दिवसांत जाईल, बर्फानं शेका, असं म्हणाले. शुगरसाठी आईच्या नेहमीच्या डॉक्टरांशी त्याच रात्री बोलायला लावलं. त्यांनी काही दिवसांपुरती औषधं बदलून दिली. स्टेरॉइड यकृताला जास्त साखर बनवायला लावतं आणि इन्सुलिनचा जोर कमी करतं. सांध्याजवळ दिलेलं औषधही थोडं रक्तात जातंच. सहाव्या दिवशी शुगर जागेवर आली. आईचा रिपोर्ट आधी बघितला असता तर त्यांनी काय केलं असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, आधी शुगर आणली असती, आणि तोवर फिजिओ सुरू केला असता. मुंजीला काठी घेऊन गेल्या असत्या, एवढंच.

त्या आठवड्यात एका रात्री आईनं मला तिच्या आईची गोष्ट सांगितली. आजी नांदेडजवळच्या गावी राहायची. गुडघे दुखायचे. गावात एक माणूस सायकलवरून यायचा, 'डॉक्टर' म्हणवायचा. महिन्याला एक इंजेक्शन. आजी त्या संध्याकाळी तुरुतुरु चालायची. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. चेहरा चंद्रासारखा गोल झाला. दंडावरची कातडी कागदासारखी, जरा लागलं की काळंनिळं. मग एकदा न्हाणीघरात नुसती बसली आणि मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. "तेव्हा मी बावीस वर्षांची होते," आई म्हणाली. "इंजेक्शनला मीच घेऊन जायचे तिला. गुण यायचा ना."

तिची भीती अडाणी नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ती तिनं डोळ्यांनी बघितलेली गोष्ट होती. मी दीड तासात इंटरनेटवर जे वाचलं, त्याच्यापेक्षा तिच्याजवळ जास्त माहिती होती, आणि मी तिला बोलू दिलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला मी ठरवून गप्प बसलो. आईनं आपल्या हिंदीत स्वतःच विचारलं, "मेरी माँ को हर महिने देते थे. वो गई. ये वही है क्या?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अम्मा, औषधाचं घराणं तेच असणार. फरक आहे तो किती, कुठे आणि किती वेळा याचा.

मग त्यांनी समजावलं, ते थोडक्यात सांगतो. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी असं एक स्टेरॉइड रोज तयार करतात. व्यायामशाळेतली पोरं दंड फुगवायला घेतात ते स्टेरॉइड वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. १९४८च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडल आणि टॅडेउश रायखश्टाइन यांना या कामासाठी नोबेल मिळालं. पण रोज, भरपूर दिलेल्या त्या औषधाचे दुष्परिणामही लवकरच दिसू लागले. फुगलेला चेहरा, वाढलेली साखर, ठिसूळ हाडं. म्हणून औषध सगळ्या शरीराला न देता दुखऱ्या जागेपुरतं द्यायची कल्पना पुढे आली. फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलँडर यांनी १९५१मध्ये थेट सांध्यात हायड्रोकॉर्टिझोन देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आईला मिळालेलं इंजेक्शन त्याच वाटेवरचं.

आजीला जे झालं, ते वारंवार आणि बेहिशेबी माऱ्यानं होतं, असं ते म्हणाले. बाहेरून सतत स्टेरॉइड आलं की शरीरातल्या त्या ग्रंथी काम सोडून देतात. म्हणून लेबल नसलेल्या 'वाताच्या' पुड्या आणि कुणाकडूनही घेतलेली इंजेक्शनं धोक्याची. नीट दिलेल्या इंजेक्शनचेही धोके आहेतच, पण कमी. त्या जागची कातडी पांढरी पडू शकते, खाली खड्डा पडू शकतो, क्वचित जंतुसंसर्ग होतो, आणि सुई कंडरेत गेली तर ती कमकुवत होते. म्हणून एकाच जागी वर्षातून तीन-चारपेक्षा जास्त सहसा देत नाहीत.

आई म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर मी इतकी घाबरले नसते." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

मुंज छान झाली. आईनं खुर्चीवर बसून मातृभोजन केलं आणि रात्री दोन्ही कुशींवर झोपली. इंजेक्शनचा गुण खराच आला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गोष्ट इथे संपत नाही. दुखणं गेल्यावर फिजिओथेरपीचे व्यायाम तीन आठवड्यांत बंद पडले. दुखत नाही तर कशाला? मीही विचारलं नाही. आषाढी एकादशीच्या सुमारास आई पुन्हा हात धरून उठायला लागली.

माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं, "अजून एक घेऊ." या वेळी आईनं सरळ नाही म्हटलं, आणि डॉक्टरही तिच्या बाजूचे. त्यांनी मला एक अभ्यास सांगितला, तो मी नंतर शोधून वाचला. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, ऑस्ट्रेलियातला. खुब्याच्या याच दुखण्याचे २०४ रुग्ण, तीन गट. एका गटाला व्यायाम आणि सवयी बदलण्याचं शिक्षण, दुसऱ्याला एक स्टेरॉइड इंजेक्शन, तिसऱ्याला थोडा सल्ला देऊन नुसती वाट बघणं. आठ आठवड्यांनी 'बरंच सुधारलं' म्हणणारे व्यायामाच्या गटात सुमारे ७७ टक्के, इंजेक्शनच्या गटात ५८ टक्के, वाट बघणाऱ्यांत २९ टक्के. वर्षानं हेच आकडे सुमारे ७९, ५८ आणि ५२ होते. म्हणजे इंजेक्शन खोटं नाही. पण व्यायाम त्याच्या पुढे राहिला, आणि वाट बघणारे वर्षभरात इंजेक्शनवाल्यांच्या जवळपास आले.

म्हणून आता आमच्या घरी रोज सकाळी साडेसहाला वर्ग भरतो. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची. ओट्याला धरून बाजूला पावलं टाकायची. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. पायावर पाय टाकून बसायचं नाही, खाली पाय दुमडून तर नाहीच. ओट्याशी दोन्ही पायांवर उभं राहायचं. एकटीनं आई करत नाही हे कळलं, म्हणून मीही करतो. मोजणी तिची. "तुझे आठच झाले," असं ती रोज सांगते, आणि ते खरं असतं. आठव्या आठवड्यात ती डाव्या कुशीवर सलग चार तास झोपली. शुगरही चालण्यामुळे थोडी खाली आली आहे. पूर्ण बरी नाही. जिना अजून दुखतो. पुढे कधी इंजेक्शन लागलंच, तर घेईन, असं ती म्हणते, पण विचारणार ती स्वतः.

तुमच्या घरी ही वेळ आली, तर आमच्या चुकांवरून एवढं लक्षात ठेवा:

१. इंजेक्शनमध्ये कोणतं औषध आहे आणि किती, हे विचारून कागदावर लिहून घ्या. याआधी कधी, कुठे घेतलं होतं तेही सांगा.

२. मधुमेह असेल तर ताजा रिपोर्ट सोबत न्या, आणि इंजेक्शननंतर आठवडाभर शुगर तपासा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

३. सुजलेली जागा लाल आणि गरम असेल, ताप असेल, तर ते इन्फेक्शन असू शकतं, विशेषतः कोपर आणि गुडघ्यावर. तिथे स्टेरॉइड चालत नाही. आधी आतला द्रव काढून तपासतात. अशा वेळी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

४. पहिल्या दिवशीचा आराम भुलेचा असतो. त्यावर खूश होऊन धावपळ करू नका, आणि रात्री ठणकलं म्हणून घाबरू नका. पण ठणका दोन-तीन दिवसांत कमी न होता वाढला किंवा ताप आला, तर फोन करा.

५. इंजेक्शननं दुखणं थांबलेले आठवडे म्हणजे व्यायामाची संधी. ती आम्ही घालवली.

आणि सहावं, जे कुठल्याच सूचनांच्या कागदावर नसतं. आपण मुलं हल्ली आईवडिलांचे फॉर्म भरतो, अपॉइंटमेंट घेतो, पैसे फोनवरून देतो. ते सगळं करावं. पण डॉक्टर प्रश्न विचारतात तेव्हा तोंड बंद ठेवावं. दुखतं त्याला बोलू द्यावं. उत्तर लांबलं, आजीपासून सुरू झालं, तरी.

तुमच्याकडे अशा सुईची काही गोष्ट असेल, बरी किंवा वाईट, तर नक्की कळवा. आई सगळी पत्रं वाचणार आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, बहुधा बाबांच्या बाराव्या पासवर्डासह.